वहिनींचे मंगळसूत्र आणि अव्वाचे ताट



आमच्या डोंबिवलीच्या महिला मंडळात दशलक्षण पर्वात रोज एकीने त्या दिवसाच्या धर्मावर दहा मिनिटे बोलायचे असा रिवाज आहे. यंदा चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. माझ्या वाट्याला आठवा दिवस आला, उत्तम त्याग. कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती २२ सप्टेंबरला असते, म्हणजे बहुधा आपल्या पर्वाच्या आगेमागेच. म्हणून मनात आले, यंदा पुराणातली कथा नको, आपल्याच समाजातल्या एका बाईविषयी बोलावे. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई, रयतेच्या सगळ्या मुलांच्या लक्ष्मीवहिनी.

मंडळात नाव सांगितले तर तीन-चारजणी एकदमच म्हणाल्या, "हो हो, मंगळसूत्र दिलेल्या ना?"

बरोबर आहे. मलाही तेवढेच ठाऊक होते. मी कोल्हापूरची बी.कॉम. नोकरी केली नाही, पण लग्न झाल्यापासून घरचा जमाखर्च रोज लिहिते. एखाद्या वहीत पूर्ण पान कोरे आणि खाली एकच मोठी रक्कम दिसली की माझे मन थांबते. ही रक्कम आली कुठून? त्याआधीच्या रोजच्या नोंदी कुठे गेल्या? वहिनींच्या बाबतीत तसेच झाले आहे. मंगळसूत्राची एक ओळ सगळ्यांच्या तोंडी, बाकीचे पान कोरे. ते पान भरता येते का ते पाहू लागले, आणि पाहता पाहता माझ्या आजीपर्यंत आणि शेवटी माझ्या स्वतःच्या ओट्यापर्यंत येऊन पोहोचले. म्हणून हे लिहिते आहे.

आधी घराणे सांगते. कुंभोज गाव आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिले आहे. बाहुबलीच्या डोंगराला जाताना ते लागतेच. आज तिथे गेले की अठ्ठावीस फुटी बाहुबलीची मूर्ती दिसते, समंतभद्र महाराजांनी १९३४ साली सुरू केलेला आश्रम दिसतो. वहिनींच्या लहानपणी यातले काही नव्हते. होती ती शेती, पाटीलकी आणि जुन्या वळणाची जैन घरे. अशाच घरातून त्या आल्या. भाऊरावांचा जन्मही कुंभोजचाच, २२ सप्टेंबर १८८७ चा. कुंभोज हे त्यांचे आजोळ. पाटलांचे मूळ घराणे ऐतवडे बुद्रुकचे, वाळवा तालुक्यातले. वडील पायगोंडा पाटील सरकारी महसूल खात्यात नोकरीला होते.

तो काळ आपल्या समाजातल्या जागृतीचा होता. १८९९ मध्ये स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. तीच पुढे दक्षिण भारत जैन सभा म्हणून ओळखली गेली. खेड्यातल्या जैन मुलांनी शिकावे म्हणून कोल्हापुरात बोर्डिंग निघाले. भाऊराव तिथेच राहायला होते. आणि तिथेच १९०८ च्या सुमारास तो प्रसंग घडला, जो त्यांच्या सगळ्या चरित्रांत येतो. कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले, आंघोळ करून मगच आत या. त्यांनी आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले.

मैत्रिणींनो, मी या आंघोळीपाशी जरा थांबते. कारण आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात ही आंघोळ रोजची होती. बाजारातून आले की आंघोळ. सोवळे नेसून स्वयंपाक. पाणी गाळून घ्यायचे ते जीवदयेसाठी, आणि त्याच गाळलेल्या पाण्याच्या घागरीला परक्या हाताचा स्पर्श झाला तर ते ओतून द्यायचे. पहिली गोष्ट धर्माची होती. दुसरी कुठल्या शास्त्रातली, हे कुणी विचारले नाही. दोन्ही एकाच घागरीतून आल्या म्हणून दोन्ही धर्मच वाटल्या.

अशा घरातली मुलगी, आणि तिचा नवरा एका आंघोळीला नकार देऊन बोर्डिंगबाहेर पडलेला. या संसाराची सुरुवात अशी आहे. मंगळसूत्र फार पुढे येते.

पुढची काही वर्षे भाऊराव पोटापाण्यासाठी फिरत होते. आधी साताऱ्यात शिकवण्या केल्या. पुढे ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडले. त्या हिंडण्यातच त्यांनी खेड्यांतली मुले पाहिली. शाळेबाहेर बसवलेली, गुरे राखणारी, हुशार असून अक्षर न ओळखणारी. यातलाच एक प्रसंग इस्लामपूरचा सांगतात. शाळेच्या वर्गाबाहेर बसून शिकणारा एक अस्पृश्य मुलगा भाऊरावांना दिसला आणि त्यांनी त्याला आपल्याबरोबर घेऊन त्याच्या शिक्षणाची व्यवस्था लावली. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप, जे पुढे मुंबईच्या कायदेमंडळात सभासद झाले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२१ मध्ये नेर्ल्याला वसतिगृह निघाले आणि १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला हलले. तिथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, चांभार, मुसलमान, जैन, सगळे एका छपराखाली. मुलांनी स्वतः राबायचे, स्वावलंबनाने शिकायचे, आणि एका पंगतीत जेवायचे.

इथून पुढे वहिनींचे पान सुरू होते, आणि इथेच ते कोरे राहिले आहे. संस्थेचा इतिहास सांगताना आपण म्हणतो, भाऊरावांनी वसतिगृह चालवले. त्यात शंका नाही. पण भाऊराव महिन्यातले कितीतरी दिवस धान्य आणि देणग्या गोळा करायला बाहेर असत. ते बाहेर असताना वसतिगृहात सकाळ होतच होती, मुलांना भूक लागतच होती.

मी हिशेबाची बाई, म्हणून एक साधा हिशेब मांडून पाहिला. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, वसतिगृहाच्या वहीतले नव्हेत. समजा, मुले पंचवीस. वाढीच्या वयातला मुलगा एका वेळी तीन भाकऱ्या खातो. दोन वेळच्या झाल्या दीडशे भाकऱ्या. आपण घरी चौघांसाठी बारा भाकऱ्या थापल्या तर मनगट दुखते. मुले कामाला हात लावत, ते त्यांच्या शिक्षणाचाच भाग होते. तरी पीठ पुरेल का, सरपण कोरडे आहे का, कुणाला ताप आला आहे, कुणाच्या डोक्यात उवा झाल्या आहेत, कोण रात्री आईच्या आठवणीने रडतो आहे, हे सगळे बघायला घरातली बाईच लागते. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि त्यांना वहिनी. घरातल्या मोठ्या भावाच्या बायकोला म्हणावे तसे. पण त्यांनी केलेले काम आईचे होते, म्हणून पुढे लोक त्यांना रयतमाउली म्हणू लागले.

आता दागिने. वहिनी खात्यापित्या घरातल्या होत्या, माहेरून-सासरहून सोने अंगावर आलेले होते. वसतिगृहाचे धान्य संपले, वाण्याची उधारी थकली की त्यातला एकेक दागिना घराबाहेर गेला. त्या काळी सोने तोळ्याला वीस-पंचवीस रुपयांच्या घरात होते. म्हणजे एक दागिना मोडला तरी थोड्या दिवसांचेच धान्य. मग दुसरा. शेवटी एकदा असे झाले, अण्णा गावी नाहीत, घरात दाणा नाही आणि मुले उपाशी. तेव्हा वहिनींनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि त्यावर धान्य आणवले. नवरा हयात असताना मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे त्या काळातल्याच काय, आजच्या बाईलाही सांगावे लागणार नाही.

१९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यात आले. या वसतिगृहाला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' हे नाव त्यांच्या हस्ते दिले गेले. साबरमतीला आश्रम चालवलेल्या माणसाला एका पंगतीची किंमत माहीत होती. पण तो सोहळा होऊन तीनच वर्षांनी, १९३० मध्ये, वहिनी गेल्या. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

त्यांच्या मागे काय काय झाले पाहा. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. १९५४ मध्ये कराडला गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज. १९५९ मध्ये अण्णांना पद्मभूषण, पुणे विद्यापीठाची डी.लिट., आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन. आज संस्थेच्या शाळा-कॉलेजे महाराष्ट्रभर आहेत. आपल्या बाजूला वाशीचे कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज त्यांचेच. सोलापूरला वहिनींच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. संस्थेचे बोधचिन्ह वडाचे झाड. वहिनींनी त्यातले फक्त रोप पाहिले, तेही पाणी घालता घालता.

एवढे सगळे टिपण झाल्यावर मी माझ्या वडिलांची आठवण काढत बसले. कारण या वडाच्या सावलीत आमचे घरही थोडे बसले आहे.

आमचे आप्पा १९४० नंतरच्या वर्षांत साताऱ्याला रयतेच्या बोर्डिंगात शिकले. आमचे गाव शिरोळ तालुक्यातले. तिकडे कानडी मुलूख जवळ, म्हणून आमच्या भागातल्या जैन घरांतून आईला, आजीला अव्वा म्हणतात. आप्पांची आई म्हणजे आमची अव्वा. निरक्षर. णमोकार मंत्र आणि मेरी भावना तोंडपाठ. सूर्य मावळला की चूल थंड. पावसाळ्यात पालेभाजी बंद. आणि सोवळे इतके कडक की आम्ही नातवंडे शाळेचे कपडे बदलल्याशिवाय माजघराच्या आत पाऊल टाकत नव्हतो.

आप्पा एका दिवाळीच्या सुट्टीत बोर्डिंगातल्या एका मित्राला घरी घेऊन आले. मुलगा महार समाजातला होता. अव्वाने विचारले, "कुणाचा रं ह्यो?" आप्पांनी खोटे सांगितले नाही. अव्वा काही बोलली नाही. जेवायच्या वेळी तिने सोप्याबाहेरच्या पायरीवर पत्रावळ मांडली. आप्पांनी आतले आपले ताट उचलले आणि पायरीवर त्या मुलाशेजारी जाऊन बसले. आजोबा संतापून शेताकडे निघून गेले. अव्वाने दोघांना भाकरी वाढली, आणि नंतर परड्यातल्या विहिरीवर जाऊन आंघोळ केली.

मे महिन्याच्या सुट्टीत तो मुलगा पुन्हा आला. या वेळी पत्रावळ नव्हती, पितळी ताट होते. पण जेवण झाल्यावर ते ताट वेगळे घासून बाहेरच्या फळीवर पालथे घातले गेले. जागा सोप्यातच, आत नाही.

पुढच्या दिवाळीला तो आला तेव्हा अव्वाने दोघांना एकदमच सोप्यात बसवले. जेवण झाल्यावर दोन्ही ताटे तिने स्वतः घासली आणि दोन्ही आत नेऊन इतर ताटांच्या चवडीत ठेवली. त्या दिवशी विहिरीवर गेली नाही. आजोबांनी विचारले असावे, पण तिने काय उत्तर दिले ते आप्पांना कळले नाही. आप्पा सांगायचे, "मी अव्वाला कधी समजावलं नाही. तीन सुट्ट्या गेल्या आणि ताट आत गेलं. एवढंच मी बघितलं."

१९८४ साली अव्वा माझ्याकडे डोंबिवलीला महिनाभर राहिली. माझे नवे लग्न, दोन खोल्यांचे घर, पाणी सकाळी तासभर. ती खिडकीत बसून लोकलची गर्दी बघायची आणि विचारायची, "एवढी माणसं सांजंच्याला घरी कवा पोचतात आन् जेवतात कवा?" आमच्या ह्यांचा डबा मी दुहेरी देत होते. दिवसाउजेडी खाणे ऑफिसातच उरकायचे, कारण गाडीने घरी येईतो रात्र व्हायची. ते तिला फार पटले होते.

एका दुपारी मी तिला त्या ताटाविषयी विचारले. मला वाटले, ती धर्मातले काही सांगेल. नाहीतर गांधीबाबाचे, अण्णांचे नाव घेईल. ती म्हणाली, "त्यो पोरगा दोन भाकऱ्या खायचा आन् तिसरी गपचिप खिशात घालायचा. सांजंला मिळंल का न्हाई ह्येचा भरवसा न्हाई म्हणून. आई नसलेलं पोर आसंच खातं. म्या बी आसंच खाल्लंय." अव्वाची आई ती चार वर्षांची असताना गेली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, "देवाला काय बाटतंय? बाटलं तर माझं ताट बाटंल. ताट घासता येतं."

अव्वाने कधी दागिना मोडला नाही. तिच्या पाटल्या, बोरमाळ शेवटपर्यंत होत्या, मुलींना-सुनांना वाटून गेली. तिच्यावर कुणी लेख लिहिणार नाही. पण वहिनींच्या कोऱ्या पानावर काय लिहिलेले असेल, ते मला अव्वाच्या ताटावरून कळले.

मंगळसूत्र देणे मोठे आहेच. पण ते एकदा द्यायचे असते. त्या एका क्षणाला धीर गोळा करायचा, डोळे मिटायचे आणि द्यायचे. पुढे लोक त्याचे नाव काढतात. उंबरा मात्र रोज द्यावा लागतो. आज वाढले, उद्या पुन्हा वाढायचे. आज त्याचे डोके धुतले, उद्या दुसऱ्याचे. ज्या हातांनी माहेरी परक्याचा स्पर्श झालेली घागर ओतून दिली, त्याच हातांनी इथे त्या मुलाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची. नवऱ्याने एकदा आंघोळीला नकार दिला, त्याचा इतिहास झाला. बायकोने रोज, न बोलता, ती आंघोळ सोडून दिली. माझ्या मते वहिनींचा पहिला त्याग हा. तो आधी झाला म्हणून मंगळसूत्राची वेळ येऊ शकली. ज्या मुलांना आपले मानले नाही, त्यांच्यासाठी कुणी मंगळसूत्र काढत नाही.

आणि हे धर्माविरुद्ध होते का? आपण स्वाध्यायात रत्नकरंड श्रावकाचार वाचतो. त्यात आचार्य समंतभद्र सांगतात की सम्यग्दर्शन असेल तर मातंगकुळात जन्मलेला माणूसही देवासारखाच, राखेने झाकलेल्या निखाऱ्यासारखा. हा श्लोक आपण किती वेळा म्हटला असेल! आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानेही आपल्याला पाठ आहेत. साताऱ्याच्या त्या वसतिगृहात चारही होती. भाकरी होती, आजाऱ्याची सेवा होती, विद्या होती, आणि या दारातून मला कुणी हाकलणार नाही हे अभय होते. वहिनी धर्म सोडून गेल्या नाहीत. घागरीतल्या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या, पाणी ठेवले आणि बाट ओतून दिला.

मंडळात मी इथपर्यंतच बोलले. सगळ्यांना आवडले. दोघी-तिघींनी डोळे पुसले. पण एक गोष्ट मी तिथे बोलले नाही. वेळ नव्हता असे नाही, धीर झाला नाही. ती इथे लिहिते.

माझ्या ओट्याखालच्या कप्प्यात, डाव्या कोपऱ्यात, एक निळ्या फुलांचा कप आहे. गेली अठ्ठावीस वर्षे आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा. कप दोनदा फुटला, दोनदा मी नवा आणला, आणि प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्यात ठेवला. त्या चहा पितात, स्वतःच विसळतात, स्वतःच तिथे पालथा घालतात. मी कधी सांगितले नाही. सांगावे लागले नाही.

कुणी विचारले असते तर माझे उत्तर तयार होते. आपल्याकडे कांदा-लसूण, बटाटा चालत नाही, त्या सगळे खातात, म्हणून वेगळा कप. भाषणाची टिपणे काढताना हे उत्तर मीच मला दिले, आणि हिशेब जुळेना. कपात चहा असतो, कांदा नसतो. मुलाच्या ऑफिसातले मित्र येतात, तेही सगळे खाणारेच. त्यांना मी नवा सेट काढून देते, तो धुऊन पुन्हा आत ठेवते. वरच्या मजल्यावरच्या बाई येतात, त्यांना आपल्याच कपात चहा देते. मग हा एकच कप कोपऱ्यात का? त्याचे खरे कारण माझ्या आहारात नव्हते. माझ्या निरक्षर अव्वाचे ताट तीन सुट्ट्यांत आत गेले. माझ्या पदवीधर घरातला कप अठ्ठावीस वर्षे बाहेर राहिला.

मावशींनी या अठ्ठावीस वर्षांत काय काय पाहिले! माझी दोन्ही बाळंतपणे नव्हेत, ती माहेरी झाली, पण सासूबाईंचे शेवटचे दुखणे त्यांनी काढले. त्यांना कुशीवर वळवायला मला एकटीला जमत नव्हते, तेव्हा दुसऱ्या बाजूने मावशींचे हात होते. ते हात चालले. कप चालला नाही.

पर्व संपले. क्षमावाणीला आपण सगळ्यांना फोन करतो, संदेश पाठवतो, कळत-नकळत काही चुकले असेल तर क्षमा करा म्हणतो. यंदा मी सकाळी त्या कोपऱ्यातला कप काढून मांडणीतल्या कपांत ठेवला आणि मावशी आल्यावर चहा रोजच्या आमच्या कपात ओतला. दोन कप, एकसारखे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांना बसायला सांगितले. त्या बसल्या, पण खुर्चीच्या कडेला. कपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मी क्षमेचे वाक्य मनात जुळवत होते. इतक्या वर्षांचे कसे बोलावे ते सुचत नव्हते.

मावशी एक घोट घेऊन म्हणाल्या, "ताई, उद्यापासून माझ्या चहात साखर घालू नका. गेल्या वर्षी शुगर निघालीय."

वर्षभर मी त्यांना दोन चमचे साखर घालून चहा देत होते आणि त्या पीत होत्या. कारण कप हातात देऊन मी नेहमी पाठ फिरवायची, आणि त्या दाराजवळ उभ्या राहून प्यायच्या. बोलायला समोर कुणी बसलेले नसायचे.

क्षमा मी मागितली. नीट जमली नाही, पण मागितली. त्यांनी हात झटकून "राहू द्या ओ ताई" म्हटले आणि भांडी घासायला उठल्या. दोन्ही कप विसळले. निघताना मी पाहिले, एक कप त्यांनी मांडणीत ठेवला होता आणि दुसरा, सवयीने, कोपऱ्यात पालथा घातला होता.

मी तो उचलून आत ठेवला. उद्या पुन्हा ठेवावा लागेल. अव्वाला तीन सुट्ट्या लागल्या होत्या. मला किती दिवस लागतात, बघू.